सल्ला कुणी ऐकायचा? नवाब अली यावर जंग यांच्या कारकिर्दीचा धांडोळा

आमच्या जलशांत आणि स्मरणिकांत मराठी मुलखातील मुसलमान कर्तबगारांची यादी बहुधा तलवारीपासून सुरू होते. इब्राहिमखान गारदी पानिपतावर लढला, दौलतखान आरमारावर होता, सिद्दी हिलाल महाराजांच्या फौजेत होता, हे आपल्याला पाठ असते. ज्यांनी लेखणी आणि जीभ यांच्या बळावर राज्यकारभार पाहिला, त्यांची नावे त्या यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. शिवाजी महाराजांचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे आणि वकिलीवर जाणारे काझी हैदर, किंवा नानासाहेब पेशव्यांची कैफियत घेऊन लंडनपर्यंत गेलेले अजीमुल्ला खान, यांच्याविषयी आपण फार तर एखादे वाक्य बोलतो. मसलत देणाऱ्याचे काम डोळ्यांत भरत नाही. त्याचा सल्ला मानला गेला तर श्रेय धन्याला जाते आणि मानला गेला नाही तर सल्ला दिला होता हेही लोक विसरतात.

याच परंपरेतील, पण आपल्या अगदी जवळच्या काळातील एक नाव आम्हाला या लेखात वाचकांपुढे ठेवायचे आहे. नवाब अली यावर जंग. मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या वांद्र्याकडील भागाला त्यांचे नाव आहे. वाचा आणि श्रवण यांच्या व्यंगांवर काम करणारी वांद्र्याची राष्ट्रीय संस्थाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रोज हजारो माणसे हे नाव वाचत पुढे जातात. हा माणूस महाराष्ट्राचा राज्यपाल होता एवढे काहींना आठवते. त्याआधी तो पाच वेगवेगळ्या नेमणुकांवर भारताचा राजदूत होता, आणि त्याही आधी हैदराबादच्या निजामाच्या मंत्रिमंडळात घटनात्मक व्यवहारांचे खाते सांभाळत होता, हे फार थोड्यांना माहीत असते. मराठवाड्याच्या मुसलमानांना तर ते माहीत असायलाच हवे, कारण त्यांच्या वाडवडिलांचे नशीब ज्या दोन वर्षांत ठरले त्या वर्षांशी या माणसाचा संबंध आहे.

दरबारातला इतिहासाचा प्राध्यापक

अली यावर जंग यांचा जन्म हैदराबादेत, राज्यकारभारात मुरलेल्या आणि शिक्षणाची आवड असलेल्या घराण्यात झाला. 'जंग' हा हैदराबाद दरबारचा किताब. किताब लढवय्याचा असला तरी माणूस ग्रंथांत रमणारा होता. ऑक्सफर्डला शिकून आल्यावर त्यांनी उस्मानिया विद्यापीठात इतिहास शिकवला. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवणारे होते, आणि पुढे तेथील कुलगुरुपद त्यांच्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा १९४५-४६ मध्ये, दुसऱ्यांदा १९४८ ते १९५२ या काळात.

परराष्ट्र व्यवहाराशी त्यांची ओळखही याच सुमारास झाली. १९४६ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेला विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली जे हिंदी शिष्टमंडळ गेले, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्याबरोबर अली यावर जंगही होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्धचा ठराव त्या शिष्टमंडळाने दोन तृतीयांश मतांनी मंजूर करून घेतला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. तरीही संस्थानातला एक अधिकारी हिंदुस्थानच्या वतीने न्यूयॉर्कमध्ये उभा होता.

परत आले ते थेट वादळात. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. सोळा जिल्हे, सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्या. त्यातले आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. मुसलमान शंभरात तेराच्या आसपास, पण दरबार, पोलीस आणि वरच्या नोकऱ्या बहुतांशी त्यांच्याकडे. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केले की इंग्रज गेल्यावर आपण कुठल्याही देशात सामील होणार नाही, स्वतंत्र राहू. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनला हेच हवे होते. तिचे नेते कासीम रझवी हे लातूरला वकिली करणारे. रझाकारांची संघटना त्यांच्या हाती होती.

जुलै १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ वाटाघाटीसाठी दिल्लीला गेले. सदर-ए-आझम नवाब छतारी यांच्याबरोबर त्यात अली यावर जंग होते. निजामाचे इंग्रज सल्लागार सर वॉल्टर माँक्टन पाठीशी होते. यांपैकी कुणी काँग्रेसवाला नव्हता, कुणी क्रांतिकारक नव्हता. निजामाचे तख्त टिकावे हीच सर्वांची इच्छा होती. फरक एवढाच की त्यांनी नकाशा पाहिला होता. हैदराबादला समुद्र नाही, सरहद्दीपलीकडे चारी बाजूंना भारत, आणि आतली पंच्याऐंशी टक्के रयत राजाच्या धर्माची नाही. अशा राज्याने दिल्लीशी सन्मानाचा करार करून जे वाचवता येईल ते वाचवावे, ही त्या गटाची भूमिका. इत्तेहादच्या सभांतून या साऱ्यांवर आग पाखडली जाऊ लागली. त्याच वर्षी अली यावर जंग मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

२७ ऑक्टोबरची पहाट

त्यानंतर काय घडले ते तपशिलात सांगण्याजोगे आहे, कारण सल्लागाराचे काम कसे मोडते याचा तो वस्तुपाठ आहे. ऑक्टोबर १९४७ पर्यंत दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' कराराचा मसुदा तयार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची इंग्रजांच्या काळातली व्यवस्था वर्षभर चालू राहावी असा त्याचा आशय. निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. निजामानेही होकार दिला, फक्त सही दुसऱ्या दिवसावर ढकलली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या हजारोंच्या जमावाने छतारी, माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांची घरे वेढली. शिष्टमंडळ दिल्लीला निघूच शकले नाही. छतारींनी राजीनामा दिला आणि माँक्टन बाजूला झाले. मुईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली नवे शिष्टमंडळ गेले आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी करार झाला. महिनाभराच्या या गोंधळातून मिळाले काय? करार जवळपास तोच राहिला. निजामाला खरे सांगू शकणारी माणसे तेवढी कमी झाली.

मीर लायक अली सदर-ए-आझम झाले. खेड्यापाड्यांत रझाकारांचा धुमाकूळ वाढला. त्याविरुद्ध बोलणारे मुसलमान नव्हते असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. नांदेडकडे तहसीलदार असलेल्या फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून नोकरीवर पाणी सोडले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांच्यासह सात मुसलमानांनी जाहीर पत्रक काढून रझाकारांना आवरण्याची मागणी केली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे लिहिण्याचे धाडस केले. त्याच महिन्यात हैदराबादेत त्यांचा खून झाला. सल्ला देणाऱ्या नवाबाला राजीनामा देता आला. तोच सल्ला रस्त्यावर उभा राहून देणाऱ्या पत्रकाराला जीव द्यावा लागला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला सारे संपले. हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे पॅरिसला चालू होती. २२ सप्टेंबरला निजामाने ती मागे घेत असल्याचे कळवले.

किंमत कुणी मोजली

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसे अजूनही काळाची मोजणी 'पोलीस ॲक्शनच्या आधी' आणि 'पोलीस ॲक्शननंतर' अशी करतात. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांतील मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल दिला. किमान २७ हजार आणि कदाचित ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कितीतरी दशके बासनातच राहिला. संपूर्ण स्वरूपात तो लोकांसमोर आला तो २०१३ च्या सुमारास. रझाकारांनी जे केले ते कुठल्याही सबबीखाली झाकता येत नाही, आणि त्यानंतर निरपराधांवर जे झाले तेही झाकता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

पण आमचा मुद्दा आणखी पुढचा आहे. ज्यांनी चुकीचा सल्ला दिला आणि ज्यांनी तो मानला, त्यांचे काय झाले? निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख होते आणि १९६७ मध्ये आपल्या हैदराबादेतच वारले. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. कासीम रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटले आणि कराचीला गेले. उस्मानाबादच्या खेड्यातला कुणबाऊ मुसलमान, औशाचा विणकर किंवा नांदेडचा टांगेवाला यांच्यासाठी अशी वाट नव्हती. त्यांना कुणी विचारले नव्हते की हैदराबाद स्वतंत्र राहावे की भारतात जावे. त्यांची भाषा दख्खनी आणि मराठी. दरबारची भाषा त्यांच्या शेतापर्यंत कधी आलीच नव्हती. जो निर्णय त्यांनी घेतला नाही, त्याची किंमत त्यांनी मोजली.

अली यावर जंग यांच्याविषयीही हे सांगितले पाहिजे. त्यांचा सल्ला बरोबर होता, पण तो राजवाड्यात दिलेला सल्ला होता. लातूरच्या वकिलाने बाजारात उभे राहून भावनेच्या भाषेत चूक गोष्ट सांगितली आणि ती हजारोंनी ऐकली. ऑक्सफर्डच्या पदवीधराने खलित्यांच्या भाषेत बरोबर गोष्ट सांगितली, ती एका माणसाने ऐकली आणि त्यानेही सोडून दिली. १९४९ मध्ये त्यांनी 'हैदराबाद इन रेट्रोस्पेक्ट' ही छोटी पुस्तिका काढली, पण तीही इंग्रजीत. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्या भाषेत हा हिशेब मांडला गेला नाही.

कैरोपासून वॉशिंग्टनपर्यंत

१९५२ मध्ये नेहरूंनी त्यांना अर्जेंटिनाला राजदूत म्हणून पाठवले. तेथून १९५४ मध्ये कैरो. इथे त्यांच्या मुत्सद्देगिरीचा खरा कस लागला. जुलै १९५६ मध्ये युगोस्लाव्हियातील ब्रिओनी बेटावर टिटो, नेहरू आणि नासर भेटले. नेहरू आणि नासर तेथून बरोबरच विमानाने कैरोला आले. त्याच दरम्यान अमेरिकेने आस्वान धरणाची मदत काढून घेतल्याची बातमी आली. २६ जुलैला नासरनी सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा झाल्याचे जाहीर केले. नेहरूंना त्याची आगाऊ कल्पना त्यांनी दिली नव्हती. भारताचा मोठा व्यापार त्या कालव्यातून चाले. मित्राची बाजू तर घ्यायची, पण युद्ध पेटू द्यायचे नाही, अशी दुहेरी कामगिरी दिल्लीवर पडली.

भारताने मांडले की कालवा हा इजिप्तचाच भाग आहे, पण १८८८ च्या करारानुसार तो सर्व जहाजांना खुला राहिला पाहिजे. ऑगस्टमधल्या लंडन परिषदेला इजिप्त हजर नव्हता. कृष्ण मेनन लंडन आणि कैरोच्या फेऱ्या मारत होते, आणि नेहरूंचे निरोप नासरपर्यंत व नासरचे नेहरूंपर्यंत पोहोचवण्याचे नाजूक काम अली यावर जंग करत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केलाच. पण शेवटी परकी फौजांना माघार घ्यावी लागली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारतीय जवान गेले.

१९४७ चे हैदराबाद आणि १९५६ चे कैरो शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. सार्वभौमत्व हा शब्द दोन्हीकडे होता. हैदराबादेत तो एका राजाच्या हक्कापुरता होता आणि रयत त्यात कुठेच नव्हती. कैरोत त्या शब्दामागे कालवा खणताना मेलेल्या फेल्लाहांची नातवंडे उभी होती. म्हणून एकीकडे चार दिवसांत सारे कोसळले आणि दुसरीकडे दोन महासत्तांना परत फिरावे लागले. सुदैवाने इथे सल्ला ऐकणारी माणसेही होती, आणि त्या सल्ल्यामागे लोकही होते.

पुढे १९५८ पासून युगोस्लाव्हिया आणि ग्रीस, १९६१ ते १९६५ फ्रान्स. पाँडिचेरी १९५४ मध्ये भारताच्या ताब्यात आली असली तरी फ्रान्सने कायदेशीर हस्तांतर पुरे केले ते ऑगस्ट १९६२ मध्ये, अली यावर जंग पॅरिसला असताना. गोव्यासाठी डिसेंबर १९६१ मध्ये फौज पाठवावी लागली होती. पाँडिचेरीचे काम कागदावर झाले. वाटाघाटीने मिळालेल्या गोष्टींचे सोहळे फारसे होत नाहीत, पण त्यांत कुणाच्या घरातला माणूस मरत नाही. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. १९६८ ते १९७० ते वॉशिंग्टनला होते.

अलीगढचा एप्रिल

फ्रान्स आणि अमेरिका यांच्या मध्ये अलीगढ येते. १९६५ मध्ये त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू नेमण्यात आले. आधीचे कुलगुरू बद्रुद्दीन तय्यबजी हेही मुत्सद्दीच, मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्यातले. विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांसाठी असलेला अंतर्गत राखीव कोटा ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्याचा निर्णय नव्या कुलगुरूंच्या काळात झाला. २५ एप्रिल १९६५ रोजी विद्यापीठाच्या कोर्टाची बैठक चालू असताना विद्यार्थ्यांचा जमाव आत घुसला आणि कुलगुरूंना बेदम मारहाण झाली. जगातल्या राजधान्यांत वावरलेला हा माणूस आपल्याच कौमच्या विद्यापीठात रक्तबंबाळ झाला.

त्याचे परिणाम त्या एका दिवसापुरते राहिले नाहीत. मे महिन्यात केंद्र सरकारने वटहुकूम काढून कोर्टाचे अधिकार काढून घेतले. शिक्षणमंत्री होते तेच छागला, १९४६ चे न्यूयॉर्कचे सहकारी. विद्यापीठाच्या अल्पसंख्य स्वरूपाचा वाद तिथून पेटला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अझीझ बाशा खटल्यात विद्यापीठाच्या विरोधात निकाल दिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्या निकालाचा पाया बाजूला सारला आणि दर्जाचा अंतिम प्रश्न दुसऱ्या पीठाकडे सोपवला. जवळजवळ साठ वर्षे एक विद्यापीठ कोर्टकचेरीत अडकले.

इथे कुणाची बाजू घ्यायची? मारहाणीचे समर्थन होऊच शकत नाही. बाहेरच्या गुणी मुलांना जागा वाढवून देणे हा विचारही चुकीचा म्हणता येत नाही. पण वरून आलेला निर्णय, त्यावर जमावाचा उद्रेक, आणि त्या उद्रेकावर सरकारचा वटहुकूम, या साखळीत ज्यांचे विद्यापीठ त्यांच्याशी बोलणे कुणीच केले नाही. विद्यार्थ्यांनी हात उचलला आणि सरकारला निमित्त मिळाले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हेच झाले होते. आमच्या हितासाठी म्हणून जमलेल्या जमावाने आमचाच कारभार आमच्या हातून घालवला.

मलबार हिलवरचा हैदराबादी

२६ फेब्रुवारी १९७० ला अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यानंतरच्याच महिन्यात, २२ मार्चला, हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ७ मे रोजी भिवंडीत दंगल उसळली आणि लोण जळगावपर्यंत पोहोचले. न्यायमूर्ती मादन आयोगाने पुढे त्याची विस्ताराने चौकशी केली. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचे प्रश्न एका वसंतात असे चारी बाजूंनी वर आले, तेव्हा राजभवनात एक मुसलमान होता. राज्यपालाच्या हाती किती थोडे असते हेही याच काळात दिसले. खुर्चीवर आपला माणूस बसला की आपले प्रश्न सुटतात, ही समजूत भिवंडीने खोटी ठरवली.

१९७२ चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. शंकरराव नांदेड जिल्ह्यातले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले. निजामाच्या मंत्रिमंडळात बसलेला माणूस राज्यपाल आणि त्या राजवटीविरुद्ध उभा राहिलेला माणूस मुख्यमंत्री, असा योग महाराष्ट्राने पाहिला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मराठवाड्याने केवढा पल्ला गाठला हे त्या एका दृश्यात होते.

११ डिसेंबर १९७६ रोजी, पदावर असतानाच अली यावर जंग यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांचे जावई, हवाईदलाचे माजी प्रमुख इद्रिस हसन लतीफ, १९८२ मध्ये त्याच राजभवनात राज्यपाल म्हणून आले आणि नंतर त्याच पॅरिसला राजदूत म्हणून गेले. वांद्र्याची संस्था १९८३ मध्ये, लतीफ यांच्याच काळात सुरू झाली.

आपल्यासाठी एवढेच

काही जण त्यांना दरबारी नवाब म्हणून बाजूला सारतात, काही जण सरकारचा माणूस म्हणून. आम्हाला यांतले एकही लेबल पुरेसे वाटत नाही. १९४७ मध्ये आपल्याच धन्याला आणि आपल्याच लोकांना न रुचणारी गोष्ट सांगणाऱ्या थोड्या माणसांत ते होते, हे इमानाचे काम होते. ती गोष्ट लोकांपर्यंत त्यांच्या बोलीत गेली नाही, हे त्या सबंध वर्गाचे अपयश होते.

आज कौममध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, अधिकारी आहेत. मंत्र्यांच्या कचेऱ्यांत आणि पक्षांच्या कार्यालयांत बसून सल्ला देणारेही आहेत. त्यांनी आपल्या मोहल्ल्यात येऊन, मराठीत आणि दख्खनीत, न आवडणारी गोष्टही सांगावी. आणि मोहल्ल्याने त्यांचे घर वेढण्याऐवजी त्यांना बसायला जागा द्यावी, प्रश्न विचारावेत, वाद घालावा. सल्ला बरोबर की चूक हे त्या वादातूनच ठरेल. १९४८ मध्ये उस्मानाबाद आणि नांदेडच्या खेड्यांतल्या माणसांना असा वाद घालण्याची एकही संधी मिळाली नव्हती.